मोतीबाईंचे हात आणि मैत्रेयीचा खुबा

मोतीबाई बाळाला न्हाऊ घालायला बसल्या की आधी स्वतःच्या पायांवर पाणी घेत. पाटावर बसायचं, साडी गुडघ्यापर्यंत सारायची, दोन्ही पाय समोर लांब करायचे आणि नडग्यांवर एक तांब्या ऊन पाणी ओतायचं. "बाळाच्या आधी बिछाना ऊन झाला पाहिजे," असं त्या म्हणत. बिछाना म्हणजे त्यांचे पाय. तेहेतीस वर्षांत बदलापूरच्या आसपासची किती पोरं त्या बिछान्यावर पालथी पडून रडली आणि रडतारडता झोपून गेली, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका आल्या म्हणजे कळायचं, अरे, हा तर आपल्या पायावरचा.

त्या चामटोलीच्या. सकाळी सहाला भाकरी थापून निघत, रिक्षाने सोनिवलीला उतरत आणि नव्या इमारतींमधली चार घरं करून दुपारी परत येत. तेल, मालिश, डाळीचं पीठ, न्हाण, मग ओवा-वावडिंगाची धुरी, आणि शेवटी बाळ दुपट्यात घट्ट बांधून आईच्या कुशीत. सगळं ठरलेल्या क्रमाने. त्यात एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची होती. मालिश संपताना त्या बाळाला उताणं घेत, दोन्ही गुडघे पोटाकडे आणत आणि मग हळूच दोन्ही बाजूंना उघडत. त्याला त्या 'बेडूक करणं' म्हणत. तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असत. किर्तीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मावशी, देवाचं नाव घेता का?"

"देवाचं कसलं! उघडतंय का बघते," मोतीबाई म्हणाल्या होत्या.

किर्तीची मुलगी मैत्रेयी दोन महिन्यांची झाली, त्या आठवड्यात डावी बाजू उघडेना. उजवा गुडघा तळहाताबरोबर सहज खाली गेला. डावा अर्ध्यात अडला. मोतीबाईंनी पुन्हा केलं. मग बाळाला उलटं धरून मांड्यांच्या वळ्या बघितल्या. उजव्या मांडीवर दोन, डाव्या मांडीवर तीन. असली मांडी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, आणि तेव्हा ती ओळखली नव्हती.

ती मांडी वैष्णवीची, त्यांच्या थोरल्या लेकीची. वैष्णवी घरातच जन्मली, पायाळू. आधी पाय आले, मग डोकं. सुईणीचा घाम निघाला, पण पोर वाचली. सासूबाईंनी, राजाबाईंनी, तिला तीन महिने न्हाऊ घातलं. चौदाव्या महिन्यात वैष्णवी चालायला लागली ती डावीकडे झुकतच. डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. शेजारणीने मात्र विहिरीवर मोतीबाईंच्या कानात सांगितलं, "तुझ्या सासूचा हात जड. ओढला असंल पाय."

मोतीबाई सासूला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पण मुलगा झाला तेव्हा त्याला न्हाऊ घालायला त्या स्वतः पाटावर बसल्या. राजाबाई तेलाची वाटी घेऊन दारात आल्या, थांबल्या, वाटी उंबऱ्याशी ठेवून मागे फिरल्या. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच बाळाला पायावर घेतलं नाही. मोतीबाईंचा हात मात्र बसत गेला. आधी शेजारची पोरं, मग गावातली, मग बदलापुरातली. म्हणजे ज्या कामावर त्यांचं घर चाललं, ते काम सासूवरच्या अविश्वासातून सुरू झालं होतं. हे त्या दोघींना ठाऊक होतं आणि एका चुलीवर जेवून दोघी गप्प होत्या.

पायाळू माणसाची लाथ बसली की उसण उतरते, असं गावात मानतात. पाठ धरली की माणसं वैष्णवीकडे येत, ओसरीवर पालथी पडत, आणि ती डाव्या पायाने कंबरेवर हलकी लाथ द्यायची. सोळाव्या वर्षी ती एका काकांना म्हणाली होती, "वाटेवर दिसले की लंगडी म्हणता आणि पाठ धरली की माझ्याच दारात येता?" काका तसेच पालथे पडून राहिले होते. आता ती छत्तिशीची होती, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कचेरीत हजेरी बघायची आणि जिभेला अजून तितकीच धार होती.

तर मोतीबाईंनी मैत्रेयीला धुरी दिली, दुपट्यात बांधली आणि किर्तीला सांगितलं, "पोरी, डावी मांडी उघडत नाय. डॉक्टरला दाखव."

किर्तीच्या सासूबाई, संध्याताई, सोफ्यावर बसल्या होत्या. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई; कागदावर असेल तेच खरं मानणारी. "लसीच्या वेळी डॉक्टरांनी तपासलंय. काही म्हणाले नाहीत," त्या म्हणाल्या. "उगीच बाळंतिणीच्या डोक्यात किडे सोडू नका."

"मी आपलं सांगितलं, ताई."

"सांगितलंत. झालं."

किर्ती दिवसातून दहा वेळा दुपटं सोडून वळ्या मोजायला लागली. चौथ्या महिन्याच्या लसीला तिने स्वतःच डॉक्टरांना मांडी दाखवली. त्यांनी गुडघे उघडून बघितले, भुवई वर केली आणि खुब्यांचा एक्स-रे काढायला सांगितला.

तो पहिला एक्स-रे बदलापुरात निघाला आणि सगळा घोटाळा तिथे झाला. गार टेबलावर ठेवल्याबरोबर मैत्रेयीने किंचाळून आकाशपाताळ एक केलं. संध्याताईंनी तिचे घोटे धरले, बाप अभिजीतने खांदे. ती आवाजाच्या दिशेने कंबरेतून वळली आणि तेवढ्यात फोटो निघाला. रिपोर्टात लिहून आलं की कंबर तिरकी असल्याने नक्की सांगता येत नाही, मात्र डावा सांधा निखळल्याची शक्यता आहे.

संध्याताईंनी ते वाक्य चष्मा पुसून दोनदा वाचलं. "निखळला म्हणजे? आपोआप निखळतो का सांधा? कोणीतरी ओढल्याशिवाय?"

दुसऱ्या दिवशी मोतीबाई दारात चप्पल काढत होत्या, तेव्हाच त्यांना ते ऐकायला मिळालं.

"रोज ते गुडघे पोटाशी आणून फाकवायचात. मी बघत होते. बोलले नाही, ती माझी चूक."

"ताई, मीच तर तुम्हाला पहिली—"

"हो, पहिल्या तुम्हीच! कारण तुम्हालाच माहीत होतं काय झालंय ते."

किर्ती बाळाला घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मोतीबाईंनी काढलेली चप्पल पुन्हा घातली.

संध्याकाळपर्यंत इमारतीच्या ग्रुपवर निरोप फिरला : मालिशवाल्या बाईंकडून बाळाचा पाय निखळला, सर्वांनी काळजी घ्यावी. नाव नव्हतं, पण त्या इमारतीत मालिशवाली बाई एकच होती. दोन दिवसांत तीन घरांनी 'सध्या नको' म्हणून कळवलं. चौथ्या, म्हणजे किर्तीच्या घरी मोतीबाई स्वतःच पुन्हा गेल्या नाहीत.

कारण एक होतं, जे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. ओसरीवर बसून त्या आपले पंजे उलटेसुलटे करून बघत. तीन-चार महिने रोज ती मांडी याच हातांनी उघडली होती. एखाद्या दिवशी घाई असेल, एखाद्या दिवशी जोर जास्त पडला असेल. कोण सांगणार? समोर राजाबाई वाल सोलत असायच्या. ऐंशी उलटलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटांना शेंग दिसायची. त्यांच्या हातांकडे मोतीबाईंचं लक्ष गेलं की त्या नजर फिरवत. छत्तीस वर्षं आरोपाच्या ज्या जागेवर त्यांनी मनातल्या मनात सासूला बसवलं होतं, त्याच जागेवर आज त्या स्वतः बसल्या होत्या.

आठ दिवसांनी किर्तीचा फोन आला. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर होते, त्यांनी जुना फोटो बघून बाजूला ठेवला होता. "सरळ फोटो पाहिजे म्हणतात, मावशी. पाय सरळ, कंबर सरळ. पण ती कोणाच्याच हातात राहत नाही हो. फक्त तुमच्या पायावर गप्प असायची. याल का तुम्ही?"

"तुझ्या सासूबाई?"

"त्या पण येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, मावशी आल्या नाहीत तर मीही जाणार नाही."

वैष्णवी स्वयंपाकघरातून ऐकत होती. "जाऊ नकोस," ती म्हणाली. "तू धरणार, फोटो निघणार, त्यात पाय निखळलेला दिसणार, आणि मग म्हणतील, बघा, धरायलाही हीच होती."

"आणि पोरगी तशीच राहिली तर?"

वैष्णवीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "मी येते. त्या बाईने तोंड उघडलं तर उत्तर द्यायला कोणीतरी पाहिजे ना तुझ्या बाजूने!"

उल्हासनगरला डॉक्टरांच्या खालच्याच मजल्यावर एक्स-रेची खोली होती. बाहेर बाकावर गुडघ्यांचे फोटो मांडीवर घेऊन एक सिंधी आजीबाई बसल्या होत्या. मैत्रेयीचं रडणं ऐकून त्या आतल्या माणसाला म्हणाल्या, "साईं, पहले बच्ची को लो. मेरे घुटने कहीं भाग नहीं रहे."

आतला माणूस म्हणजे प्रमोद, चाळिशीचा, हळू बोलणारा. त्याने जुना फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. "हे धरलं कोणी होतं?"

संध्याताई पर्सची चेन उघडझाप करत होत्या.

"हे बघा. कंबरेच्या हाडाचे हे दोन पंख. एक केवढा मोठा, एक केवढासा. बाळ एका कुशीवर वळलंय. असं असलं की चांगला सांधाही वाईट दिसतो आणि वाईटही चांगला. बाळासोबत आत कोण येणार? आई?"

"हो," किर्ती म्हणाली.

"ताई, गरोदर असण्याची शक्यता? विचारावंच लागतं."

किर्ती गोरीमोरी झाली. "नाही… म्हणजे… नक्की नाही सांगता येणार."

"किर्ती!" संध्याताई उडाल्याच.

"तसं नाही हो आई, अजून पाळीच आलेली नाही, म्हणून म्हटलं."

"नक्की नाही, तर तुम्ही बाहेर," प्रमोद म्हणाला. "आणखी कोण?"

मोतीबाई पुढे झाल्या. प्रमोदने त्यांनाही तोच प्रश्न विचारला, अगदी गंभीर तोंडाने. "मावशी, दिवस गेलेले नाहीत ना?"

"अठ्ठावन्न सरलं, बाबा. आता गेले तर पेढे पहिल्यांदा तुझ्याकडे घेऊन येईन."

बाकावरच्या सिंधी आजीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. वैष्णवीही हसली. संध्याताई हसल्या नाहीत, पण त्यांनी पर्सची चेन सोडून दिली.

आत प्रमोदने मोतीबाईंना शिसं भरलेला झगा चढवला. तो इतका जड की खांदे खाली ओढले गेले. "हे बघा मावशी. कुल्ले दोन्ही टेबलाला सारखे टेकले पाहिजेत. पाय सरळ, गुडघ्याच्या वाट्या छताकडे. तुमचे हात गुडघ्यांच्या खाली. वर मांडीवर हात आला तर हाडांऐवजी तुमची बोटं दिसतील. आणि एकदाच काढायचं. बाळाला पुन्हा पुन्हा किरणं नकोत."

"टेबल गार हाय," मोतीबाई म्हणाल्या.

"एसी मशीनसाठी लागतो."

"मशीनला गार राहू दे. बिछाना ऊन पाहिजे." त्यांनी पिशवीतून धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची घडी काढली, टेबलावर पसरली आणि त्यावर आपले दोन्ही तळवे दाबून उभ्या राहिल्या. प्रमोद घड्याळाकडे बघत होता, पण थांबला. मग त्यांनी मैत्रेयीला घेतलं, पोटावर हात फिरवला आणि हळूच त्या घडीवर टेकवलं. मैत्रेयीने रडायला तोंड उघडलं. मोतीबाई घशातून एकच सूर काढायला लागल्या, तांब्यातून पाणी पडताना होतो तसा, न्हाणीघरात रोज काढायच्या तोच. पोरीचं तोंड उघडंच राहिलं. ती वर बघायला लागली.

मोतीबाईंनी घोटे धरले नाहीत. घोटे धरले की पोर लाथ मारतं. त्यांनी गुडघ्यांखाली नुसते अंगठे टेकवले आणि नडग्यांवर पंजे अलगद पसरले. दोन्ही पाय सरळ झाले.

तेव्हा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. एक बोटभर. डावा अंगठा एक बोटभर वर उचलला तर कंबर वळेल, पंख लहानमोठे होतील, आणि पुन्हा लिहून येईल की नक्की सांगता येत नाही. नक्की नाही म्हणजे मोतीबाईंचा दोषही नक्की नाही. सरळ धरलं तर मात्र जे असेल ते दिसणार होतं. हे हात दोषी असतील तर हेच हात तो दोष फोटोत सरळ धरून ठेवणार होते. बाहेर लेक बसली होती, जिचा पाय कोणी वेळेवर सरळ धरून बघितलाच नव्हता.

अंगठा जिथे होता तिथेच राहिला.

"आता काढू?" काचेमागून प्रमोदने विचारलं.

"थांब. श्वास धरलाय तिने. सोडंल." त्या वाकून बाळाची छाती बघत होत्या. पाणी अंगावर पडलं की बाळं श्वास धरतात आणि मग लांब सोडतात, आणि त्या सोडण्यात सगळं अंग सैल पडतं. मैत्रेयीने श्वास सोडला. "आता!"

बटणाचा आवाज झाला. पडद्यावर चित्र उमटलं तसा प्रमोद दोन्ही कोपरं टेबलाला टेकून बघत राहिला. दोन पंख, अगदी एका मापाचे.

"मावशी," तो म्हणाला, "सोळा वर्षं झाली मला. इतकं सरळ बाळ पहिल्यांदा बघतोय."

"पण काय दिसतंय?"

"ते डॉक्टर सांगतील. मला सांगता येत नाही." पण तो त्यांच्याकडे बघून हसला, आणि त्या हसण्याचा अर्थ लावत मोतीबाई जिना चढल्या.

डॉक्टरांनी फोटो लावला आणि पेन्सिलीने दाखवायला सुरुवात केली. सगळे उभेच होते. "खुबा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. उजवीकडे बघा, वाटी खोल आहे, वरचं छप्पर आडवं आहे, आणि इथे ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, तो चेंडूचा कोंब. डावीकडे छप्पर उतरतं आहे. वाटी उथळ. कोंब अजून फुटलेला नाही. म्हणून चेंडू वाटीच्या काठावर बसलाय."

"ओढल्यामुळे?" संध्याताईंनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"ओढून निखळला असता तर वाटी उजवीसारखीच खोल दिसली असती. इथे वाटीच तयार झालेली नाही. हे पोटात असल्यापासूनचं आहे, बाई. हे कुणाच्या हाताने होत नाही. बाळ पायाळू होतं का?"

"छे," संध्याताई म्हणाल्या. "सिझर झालंय."

"आई," किर्ती म्हणाली, "सिझर केलं ते ती पोटात पायाळू होती म्हणूनच ना?"

संध्याताई तिच्याकडे बघत राहिल्या. पोट कापून काढलेलं मूलही पायाळू असू शकतं हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं, आणि मैत्रेयी तर डॉक्टरांच्या हातून वर उचलून आली होती. म्हणून कोणी विचारलं तेव्हाही त्यांनी 'सगळं नॉर्मल' सांगितलं होतं.

"कसंही काढलं तरी पोटात पाय खाली होते ना," डॉक्टर म्हणाले. "मुलगी, पहिलं बाळ, पायाळू. अशा बाळांचे खुबे बघायचेच असतात. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?"

"मावशींच्या," किर्ती म्हणाली. "दोन महिन्यांची असताना. आम्ही ऐकलं नाही."

डॉक्टरांनी मोतीबाईंकडे वळून विचारलं, "कसं ओळखलंत?" मोतीबाईंनी मैत्रेयीला तपासायच्या गादीवर घेतलं आणि बेडूक करून दाखवला. डोळे आपोआप मिटले. डॉक्टर म्हणाले, "मीही असंच बघतो. डोळे मात्र उघडे ठेवतो." मग त्यांनी विचारलं, "पाय दुपट्यात सरळ बांधत होता का?"

संध्याताईंनी मोतीबाईंकडे बघितलं नाही. कोणीच बघितलं नाही. मोतीबाईंना गप्प राहता आलं असतं.

"मी बांधायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचीच बांधते. घट्ट."

"ते आता बंद करा. त्याने हे झालं असं मी म्हणणार नाही, पण उथळ वाटीला ते चांगलं नाही. हात बांधा हवं तर, पाय मोकळे. आणि मूल कडेवर घ्यायची आपली पद्धत आहे ना, पाय फाकून, ती चांगली."

"उद्यापासून नाय बांधणार," मोतीबाई म्हणाल्या. तेहेतीस वर्षांची सवय त्यांनी तिथल्या तिथे सोडली. मग जरा थांबून विचारलं, "डॉक्टरसाहेब, घरात बाळंतपण झालं, पोरगी पायाळू आली, आणि चालायला लागली ती लंगडतच. तेही असंच असंल?"

"फोटो बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"ती बाहेर बसली हाय."

वैष्णवीने हजार कारणं सांगितली. वेळ नाही, रजा अर्धीच आहे, आता छत्तिसाव्या वर्षी कळून काय करायचंय. शेवटी किर्तीनेच तिचा हात धरून तिला खाली नेलं. प्रमोदने तिलाही तोच दिवस गेल्याचा प्रश्न विचारला आणि "नाही. पत्रिका जुळवतानाही कोणी एवढं विचारलं नाही!" हे उत्तर ऐकून घेतलं. अर्ध्या तासात तिच्या कंबरेचा फोटो मैत्रेयीच्या फोटोशेजारी उभा राहिला. एक लहान, एक मोठा. पण डावीकडे तेच उतरतं छप्पर. तीच उथळ वाटी. चेंडू वर सरकून हाडात स्वतःची वेगळी जागा करून बसलेला.

"जन्मापासूनचं," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा सापडलं असतं तर पट्ट्यांवर भागलं असतं. आता दुखायला लागलं की ऑपरेशन आहे. घाबरू नका, चांगलं होतं."

वैष्णवी दोन्ही फोटोंकडे बघत राहिली. "म्हणजे आजीने नाही…" ती म्हणाली आणि थांबली. मोतीबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना त्या दिवसात पहिल्यांदाच बसावंसं वाटलं होतं.

चामटोलीला पोचल्या तेव्हा ऊन ओसरीवर आलं होतं आणि राजाबाई वालाच्या टोपलीशी होत्या. मोतीबाईंनी वैष्णवीचा फोटो उजेडात धरला.

"मना दिसत नाय," राजाबाई म्हणाल्या. "तू सांग."

"पोटातूनच तसा आलेला पाय, आत्याबाई. तुमच्या हातानी काय झालं नव्हतं."

राजाबाईंची बोटं शेंगेवर थांबली. "मना ठावं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाय कधी?"

"तू कवा इचारलंस?"

मोतीबाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. टोपली बाजूला सारली, सासूचा सुरकुतलेला पंजा आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ दाबत राहिल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, विहिरीवरच्या त्या वाक्यापासून इमारतीच्या ग्रुपपर्यंत. राजाबाई ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुला सुटायला आठ दिस लागले. मना छत्तीस वर्सं. जाऊ दे. वाल सोल."

मैत्रेयीला पट्टे लागले. खांद्यावरून येऊन पायांना उचलून धरणारे, गुडघे दोन्हीकडे फाकलेले. म्हणजे दिवसरात्र बेडूकच. किर्ती पहिल्या दिवशी पट्ट्यांकडे बघून रडली आणि मोतीबाई म्हणाल्या, "रडतेस काय? मी दोन मिनिटं करायचे, हे चोवीस तास करतंय. माझ्यापेक्षा चांगलं." न्हाण बंद होतं, म्हणून त्या नुसत्या अंग पुसायला येत. त्याच आठवड्यात इमारतीच्या ग्रुपवर संध्याताईंचा निरोप आला. कचेरीतल्या पत्रासारखाच, मुद्देसूद. आधीचा निरोप त्यांच्या सांगण्यावरून फिरला होता आणि तो चुकीचा होता. बाळाचा दोष जन्मतः होता. तो मोतीबाईंनी दोन महिने आधी ओळखला. डॉक्टरांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं. खाली सरळ एक्स-रेचा फोटो, आणि शेवटी ठळक अक्षरांत : ज्यांची बाळं पायाळू होती, सिझर असलं तरी, त्यांनी खुबे तपासून घ्यावेत.

तिन्ही घरांचे फोन त्याच दिवशी आले. मोतीबाईंनी तिघींनाही सांगितलं, "येईन, पण पाय बांधणार नाय. चालत असंल तर बोला."

आठव्या महिन्यात पुन्हा फोटो काढायचा होता. प्रमोदने मोतीबाईंना आत घेतलं नाही. "एकाच माणसाने सारखं धरायचं नसतं, मावशी. किरणं तुम्हालाही लागतात. मला शिकवा, म्हणजे मी घरच्यांना शिकवतो." मग काचेमागे उभं राहून मोतीबाईंनी शिकवलं आणि संध्याताईंनी धरलं. आधी तळव्यांनी घडी ऊन केली, घोटे सोडून गुडघ्यांशी अंगठे टेकवले, आणि सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या बाईच्या घशातून पाणी पडल्याचा सूर निघाला, जरा बेसूर.

"आता!" काचेमागून मोतीबाई ओरडल्या.

डावीकडे छप्पर आडवं आलं होतं. वाटीत चेंडू बसला होता, आणि त्यात ज्वारीचा एक दाणा.

मैत्रेयी साडेतेरा महिन्यांची झाली आणि सोफ्याला धरून, मग सोफा सोडून, चार पावलं सरळ चालली. कुठेही झुकली नाही. किर्तीने सात वेळा चालवून बघितलं. संध्याताईंना इतका आनंद झाला की त्यांनी नातीला खाली वाकून झटक्यात उचललं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. उसण भरली.

मोतीबाई वैष्णवीला घेऊन पोरीची पावलं बघायला आल्या, तेव्हा संध्याताई चटईवर पालथ्या पडल्या होत्या. मलम झालं होतं, शेक झाला होता. त्यांनी मान न वळवता विचारलं, "मोतीबाई, ते पायाळूचं… सिझरवाल्या पायाळूचं चालतं का हो?"

"तुम्ही तर म्हणाला होतात की ती पायाळूच नाय," वैष्णवी म्हणाली.

"अगं, चुकले म्हणून ग्रुपवर लिहिलं ना! आता काय पाय धरू?"

"धरू नका. ती लाथ मारेल," वैष्णवी म्हणाली. आणि मग तिने स्वतःच, एका पायाळूने दुसऱ्या पायाळूला शिकवावं तसं, चटईशी बसून मैत्रेयीचा डावा पाय संध्याताईंच्या कंबरेवर नेमक्या जागी टेकवला. मोतीबाईंनी पोरीला बगलेत धरलं. मैत्रेयीने खाली बघितलं, आजीची पाठ ओळखली आणि दिली एक, दणकून.

"आई गं!" संध्याताई ओरडल्या. मग जरा हलून बघितलं. "दे गं, अजून एक दे. हाच ना डावा पाय?"

"हाच," मोतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पोरीला सरळ धरून पुन्हा उचललं.